ऑस्टिनची टकटक

आठच्या आठ बुश काळे पडलेले पाहिले आणि लोटन मिस्त्री मटकन स्टुलावर बसला. एखादा काळा पडला असता तर बुश करणाऱ्याला नावं ठेवता आली असती. दोन पडले असते तरी ओढूनताणून ठेवली असती. पण आठही बुश एकाच वेळी, एकसारखे करपतात तेव्हा दोष बुशांचा नसतो, तिथवर तेलच पोचलेलं नसतं. एवढं कुणा नवख्यालाही कळावं, आणि लोटनला तर धुळ्यात पारोळा रोडवर गॅरेज टाकून तीस वर्षं झाली होती.

गाडी होती १९५० सालची ऑस्टिन. मालकीण अमळनेरच्या वच्छलाबाई, कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय सहासष्ट, पण गाडी अजून स्वतः चालवायच्या, आणि वर्गात शिरताना आवाज बंद व्हायचे तसे गाडीत बसल्यावर शेजारच्याचे बंद करायच्या. फाल्गुनात त्या गाडी घेऊन आल्या होत्या. इंजिनाच्या डोक्यावरून टकटक ऐकू यायची. म्हणजे ती वर्षानुवर्षं येतच होती, पण आता फारच वाढली होती.

लोटनने तेव्हा झाकण काढून पाहिलं. झाकणाखाली हातभर लांबीची एक पोकळ लोखंडी दांडी असते, तिला शाफ्ट म्हणतात. तिच्यावर आठ रॉकर लहान मुलांच्या खेळातल्या फळीसारखे वरखाली होतात. एक टोक खालची सळई ढकलते, दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. दांडीच्या पोटातून तेल येतं आणि प्रत्येक रॉकरच्या बुशात, म्हणजे मधल्या भोकातल्या धातूच्या कड्यात, झिरपतं. अडतीस वर्षांत बुश ढिले झाले होते, रॉकरच्या टोकांना खळगे पडले होते, आणि शाफ्ट खालच्या अंगाने इतका झिजला होता की नख फिरवलं तर अडखळत होतं. नवा शाफ्ट मुंबईतही मिळेना. मग लोटनने नवे बुश घालायला आठ रॉकर जळगावला हबीबकडे पाठवले.

हबीबचं लेथवर लोखंड कातायचं दुकान होतं, आणि खानदेशात बारीक काम म्हटलं की लोक त्याचंच नाव घ्यायचे. पंचवीस वर्षं लोटन त्याच्याकडून काम करून घेत होता. शाफ्टही पाठव, दुसरा करून देतो, असा हबीबचा निरोप आला होता. पण लोटनला वाटलं, एवढं तर आपणही करू. त्याचा बाप पारोळ्याकडे बैलगाड्या करणारा सुतार. गाडीचा आस खालून झिजला की बाप तो पालटून बसवायचा. वरचं कोरं अंग खाली आलं की गाडी आणखी दहा वर्षं चालायची. लोटनने शाफ्ट तसाच पालटला. तो जागेवर धरून ठेवणाऱ्या स्क्रूसाठी दुसऱ्या अंगाला नवा खड्डासुद्धा कोरला, आणि काम इतकं सफाईदार झालं की स्वतःवरच खूश होऊन दोन कप चहा प्याला.

बैलगाडीच्या आसाच्या पोटातून तेल जात नाही, हे तेवढं त्याच्या ध्यानात आलं नाही. शाफ्टला तेल घेणारं भोक खाली होतं, ते वर गेलं. खालून येणारं तेल भरीव लोखंडावर आपटत राहिलं आणि वर आठ नवे बुश कोरडे घासत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

गाडी दोनदा वाटेत बंद पडली. वच्छलाबाई तावातावाने आल्या तेव्हा लोटनने झाकणही न उघडता सहज म्हणून टाकलं होतं, बुश नरम निघाले असतील, बाई. जिभेला हाड नसतं. आणि वच्छलाबाईंच्या हाताला आळस नव्हता. त्यांनी तिथेच बसून हबीबला पोस्टकार्ड लिहिलं आणि टाकण्याआधी लोटनला वाचून दाखवलं: ‘आपल्या बुशांमुळे गाडी दोनदा बंद पडली. असे काम पत्करताना आपला हात अजून चालतो का, हे पाहून घ्यावे.’ लोटनला ते जरा झोंबलं होतं, पण तो गप्प राहिला. त्याला महिना झाला. हबीबचं उत्तर आलं नाही. बाईंची गाडी कोपऱ्यात, आणि कामांचा ढीग पुढे. लोटन आज करू, उद्या करू म्हणत राहिला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाच दिवस उरले होते, आणि गाडी लागणार होती ती आखाजीलाच.

वच्छलाबाईंना भाऊ नव्हता. धाकटी बहीण कुंदाबाई बोदवडला दिलेली. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो, ही खानदेशची रीत. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कुंदाबाईच्या सासूने चारचौघींत विचारलं होतं, हिला न्यायला येणार तरी कोण? तेव्हा वच्छलाबाई वडिलांची नवीकोरी ऑस्टिन स्वतः चालवत बोदवडला गेल्या आणि सासूच्या दारात हॉर्न वाजवून उभ्या राहिल्या. तेव्हापासून सदतीस वर्षं, एकही आखाजी चुकली नव्हती. यंदा कुंदाबाईला थंडीत लकव्याचा झटका येऊन गेला होता. एक पाय ओढत चालायची, एसटीची पायरी चढणं शक्य नव्हतं. मुलगा म्हणाला, टॅक्सी करून देतो. तिने कळवलं की मुराळी भाड्याचा नसतो. ऑस्टिन आली तर येईन, नाहीतर माझी आखाजी इथेच.

हे सगळं लोटनला ठाऊक होतं. आठ करपलेले बुश फडक्यात बांधून तो घरी गेला. त्याची बायको बेबाबाई अंगणात खाटेवर पापडासारख्या बिबड्या वाळत घालत होती. लोटनने तिला सगळं सांगितलं, बापाच्या आसापासून पोस्टकार्डापर्यंत. तिने हातातली बिबडी नीट पसरली आणि मान वर न करता म्हणाली, “मंग अठे काय करी ऱ्हायनात? जळगावनी यष्टी साडेबाराले शे.”

एसटीत लोटनने कबुलीची सहा-सात वाक्यं तयार केली. एकात सुट्या भागांच्या टंचाईला थोडा दोष होता, एकात बापाला थोडा होता, एकात तर वच्छलाबाईंच्या घाईलाही होता. एरंडोल येईपर्यंत ती सगळी त्याच्या मनातून उतरली.

हबीब दुकानात होता, पण लेथ बंद होता. तो व्हाइसच्या शिकंज्यापाशी बसून जाड नट कापत होता, असलं काम तो कधी हातात धरत नसे. नाकावर नवा चष्मा होता. भिंतीवर खिळ्याला ते पोस्टकार्ड लटकत होतं. त्याने लोटनला पाहिलं, मानेनेच बस म्हटलं आणि करवत चालू ठेवली.

लोटन बसला नाही. फडकं सोडून त्याने शाफ्ट आणि रॉकर व्हाइसशेजारी मांडले.

“हबीबभाई, बुशमा काही खोट नही,” तो म्हणाला. “शाफ्ट मी उलटा बसाडा. तेल बंद व्हयनं. चूक मन्ही शे.”

करवत थांबली. हबीबने शाफ्ट उचलला, उजेडाकडे धरला, भोकातून पाहिलं. लोटनने कोरलेल्या नव्या खड्ड्यावर अंगठा फिरवला. मग त्याने एकेक करपलेला बुश हातात घेऊन आठही पाहिले. लोटन ओरडा खायची वाट पाहत होता. हबीबने चष्मा काढला, डोळे पुसले आणि हळूच म्हणाला, “म्हंजे मन्हा हात गया नही.”

लोटनला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं, आणि शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. ते कार्ड आल्यापासून हबीबने बारीक कामं घेणं बंद केलं होतं. आपल्या हाताने केलेले बुश आठच दिवसांत जातात, म्हणजे माप चुकलं, म्हणजे हात कापतो किंवा डोळे गेले, असं त्याने स्वतःशी धरून टाकलं होतं. बायको सुगराबीने बळेच डॉक्टरकडे नेऊन चष्मा बदलवला. तरी त्याला लेथवर उभं राहावंसं वाटेना. महिनाभर तो गाड्यांचे नट आणि पंपाचे बोल्ट करत होता, आणि लोक विचारायला आले की आता जमत नाही म्हणून सांगत होता. चाळीस वर्षांचा हात, आणि तो लोटनच्या एका सहज वाक्याने महिनाभर थंड पडला होता. लोटनला फार लाज वाटली. त्याने हबीबचे दोन्ही हात धरले आणि ते धरूनच उभा राहिला.

राग हबीबलाही आला, पण जरा उशिराने, चहा येऊन गेल्यावर. शाफ्ट पाठव म्हणून सांगितलं होतं की नाही, असं त्याने तीनदा विचारलं. इंजिनात बैलगाडी घुसवणारा मिस्त्री अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही, असंही ऐकवलं. मग उठून लेथचा पट्टा चढवला आणि सांगितलं की काम होईपर्यंत तू माझा गडी, घरी जायचं नाव काढायचं नाही. लोटनला इतकं बरं वाटलं की त्याने शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि झाडू हातात घेतला.

हबीबच्या भंगारात अमळनेरच्या एका जुन्या तेलगिरणीतल्या यंत्राची दांडी पडलेली होती, कानस लावली तर कानसच घसरावी इतकी टणक. नवा शाफ्ट तिचाच करायचं ठरलं. तिला आरपार पोकळ करणं हे सगळ्यात जोखमीचं काम. अर्ध्यापर्यंत एका बाजूने, अर्ध्यापर्यंत दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही भोकं मध्ये बरोबर भेटली पाहिजेत. पहिल्यांदा ड्रिल लावताना हबीबचा हात थबकला. त्याने लोटनकडे पाहिलं. लोटन तेलाची बुधली घेऊन जवळ सरकला आणि ड्रिलच्या टोकाशी थेंब थेंब सोडू लागला. दोन तासांनी दुसऱ्या बाजूचं ड्रिल मध्यावर पोचलं आणि मऊपणे आत गेलं. हबीबने एका टोकाला डोळा लावला, दुसऱ्या टोकातून दाराबाहेरचा रस्ता दिसत होता. तो नुसता हसला, आणि नंतर सगळं काम गुणगुणत केलं.

बुश पुन्हा गनमेटल नावाच्या मिश्रधातूचे कातले, प्रत्येकात तेलाचं भोक पाडलं. शाफ्टची सगळी भोकं खालच्या अंगाला येतील अशी आधी खडूने आखून घेतली, आणि त्यातलं एकेक हबीबने लोटनला बोट ठेवायला लावून दाखवलं, पहिलीतल्या मुलाला अक्षरं दाखवतात तसं. रॉकरच्या टोकांचे खळगे लोटनच्या वाट्याला आले. खळगा असला की रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट मोजायची पट्टी त्याच्यावरून पुलासारखी जाते. माप बरोबर दिसतं आणि खालची फट मोठीच राहते, टकटक काही जात नाही. म्हणून टोक तेलाच्या दगडावर घासून, त्याचा मूळ गोलवा राखून, खळगा नाहीसा करायचा. दीड दिवस लोटनने आठ टोकं घासली. बोटांची कातडी गेली, पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी वच्छलाबाई पहिल्या एसटीने धुळ्याला हजर झाल्या. बॅग, पाण्याचा फिरकीचा तांब्या, गाडीत बसताना घालायचा चष्मा, सगळी तयारी करून. लोटनने शाफ्ट बसवून ठेवला होता. फट मोजून झाली होती. नुसती किल्ली फिरवायची बाकी होती. रात्रभर त्याने एक गोष्ट मनाशी पक्की केली होती: सांगायचं ते इंजिन चालू होण्याआधी. गाडी सुरळीत चालू लागल्यावर कबुली देणं म्हणजे पोटभर जेवून उपास धरण्यासारखं.

त्याने उभ्या उभ्या सांगितलं. बुश चांगले होते, शाफ्ट मी उलटा घातला, आणि तुम्ही कार्ड लिहिलंत तेव्हा मी गप्प बसलो.

वच्छलाबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्या नजरेखाली अमळनेरच्या तीन पिढ्यांनी पाढे म्हटले होते, लोटनला एकही आठवेना.

“माझ्या शाळेत चूक कबूल करणाऱ्याला छडी नव्हती,” त्या म्हणाल्या. “चूक दुसऱ्याच्या नावावर घालणाऱ्याला होती. तुम्ही दोन्ही केलंत. आता तुमचं काय करायचं?”

लोटन म्हणाला, तुम्ही सांगाल ते. बाईंनी मग चष्मा पुसला, आणि जरा खालच्या आवाजात म्हणाल्या की आधी इंजिन चालू करा, कार्ड न विचारता लिहिणारी तर मीच होते.

झाकण न लावताच लोटनने इंजिन चालू केलं. रॉकर वरखाली होऊ लागले. बसवताना लावलेलं तेल त्यांच्यावर चमकत होतं, पण ते लावलेलं तेल, त्याचा काय भरवसा. येणारं तेल वेगळं. दोघंही वाकून बघत राहिले. अर्धं मिनिट गेलं, मिनिट गेलं. मग पहिल्या रॉकरच्या कडेला एक तांबूस थेंब फुगला आणि ओघळला. दुसऱ्याला आला, तिसऱ्याला आला. वच्छलाबाई मोठ्याने मोजू लागल्या. सातवर येऊन थांबल्या. आठवा रॉकर कोरडाच हलत होता. लोटन आणखी वाकला. खडूची खूण, हबीबचं बोट, आपलं बोट, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. मग आठव्याच्या कडेलाही तेल आलं, आणि आलं ते चांगलं दोन थेंब मिळून. लोटनचा जीव भांड्यात पडला. त्याने कपाळावरचा घाम पुसला तो तेलाच्याच हाताने, आणि दिवसभर तो काळा पट्टा मिरवत राहिला, बाईंनीही सांगितलं नाही.

टकटक पार गेली होती. इंजिन एका लयीत, दबक्या आवाजात चालत होतं. वच्छलाबाई म्हणाल्या, मागे बसा, बोदवडपर्यंत चला. वाटेत काही झालं तर तुम्ही आहात, आणि वाटेत जळगाव आहे.

जळगावला त्या हबीबच्या दुकानापुढे उतरल्या. हबीब लेथवर होता, आणि दुकानात बारीक कामाची तीन गिऱ्हाइकं बसलेली होती. बाईंनी सरळ खिळ्यावरचं कार्ड काढून घेतलं आणि सांगितलं की हे मी परत न्यायला आले आहे, माझी चूक झाली. हबीब गडबडला. कार्ड देता येणार नाही म्हणाला. का म्हणून विचारलं तर त्याने कार्ड उलटं करून दाखवलं. मागे, पत्त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेत, शाफ्टची सगळी मापं शिसपेन्सिलीने मांडलेली होती. उद्या आणखी कुणाची ऑस्टिन आली तर लागतील, म्हणाला. आणि तुमच्यामुळे चष्माही चांगला झाला.

वच्छलाबाईंनी पर्समधून लाल पेन काढलं. आपल्याच दोन ओळींवर तिरकी रेघ मारली, खाली लिहिलं, ‘वरील मजकूर चुकीचा आहे. हात उत्तम.’ सही केली आणि कार्ड स्वतःच्या हाताने पुन्हा खिळ्याला अडकवलं. हबीब चष्मा सारखा करत ते वाचत राहिला. मग बाहेर येऊन त्याने पेचकसाचं एक टोक इंजिनावर आणि एक कानाला लावून ऐकलं, आणि लोटनच्या पाठीत एक गुद्दा घातला. त्या गुद्द्यावर लोटन पार बोदवडपर्यंत खुशीत होता.

बोदवडच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कुंदाबाई ओट्यावर बसली होती, पिशवी शेजारी, पण तोंड भिंतीकडे. गाडी पार तिच्यामागे येऊन उभी राहिली तरी तिने मागे पाहिलं नाही. वच्छलाबाईंनी हाक मारली तेव्हा ती दचकली, वळली, आणि ऑस्टिन पाहून रडायलाच लागली. कुंदाबाईची सून सांगत होती की सकाळपासून आत्याबाई कान देऊन बसल्यात. दरवर्षी गल्लीच्या तोंडाशी टकटक ऐकू आली की त्या पिशवी उचलायच्या, आणि शेजारणी म्हणायच्या, आला हिचा मुराळी. आज काहीच ऐकू आलं नाही, म्हणून गाडी येत नाही असं धरून तोंड फिरवून बसल्या होत्या.

दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. लोटनने आणि मुलाने मिळून कुंदाबाईला पुढच्या सीटवर बसवलं. बसल्यावर डोळे पुसत तिने लोटनला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, मिस्त्री, ती टकटक थोडीशी ठेवता येईल का? गल्लीला ऐकू जाईल एवढीच. इतकी वर्षं या बायकांनी ती ऐकली आहे.

खरं तर मिनिटाचं काम होतं. एक स्क्रू जरासा ढिला केला की झालं असतं, इंजिनालाही काही झालं नसतं. लोटनचा हात खिशातल्या पेचकसाकडे गेलाही. मग त्याने तो रिकामाच बाहेर काढला.

“नही अक्का,” तो म्हणाला. “आते टकटक व्हयनी ते लोके हबीबभाईले नाव ठेवतीन.”

कुंदाबाईला हबीब कोण ते माहीत नव्हतं. वच्छलाबाईंना होतं. त्यांनी आरशातून लोटनकडे एकदा पाहिलं, गाडी चालू केली, आणि हॉर्नवर तळहात ठेवला. गल्लीतली शेवटची बाई दारात येईपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.